मार्सेयमधल्या दीड दिवसासाठी

प्रिय मुली,

तुझा प्रवासाचा आराखडा वाचला. बार्सिलोनाहून निघून इटलीत शिरायच्या आधी फ्रान्समधल्या मार्सेयला एक मुक्काम, म्हणजे जेमतेम दीड दिवस, आणि त्या दीड दिवसाच्या रकान्यात तू अकरा ठिकाणं लिहिली आहेस. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसले. त्या अकरातली नऊ खोड.

तेवीस वर्षांची असताना मीही पाठीवर सॅक टाकून याच शहरात एकटी उतरले होते. हातात अशीच यादी होती. सकाळी किल्ला, मग चर्च, मग संग्रहालय, मग पुन्हा किल्ला. संध्याकाळी स्टेशनच्या पायऱ्यांवर येऊन बसले तेव्हा पाय सुजले होते आणि दिवसभरात मी एकाही माणसाशी धड बोलले नव्हते. त्या यादीतलं आज मला जवळजवळ काही आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. गाडीला चार तास होते, म्हणून नुसतीच समुद्रावर गेले होते. त्या सकाळीबद्दल पुढे सांगते.

सँ-शार्ल स्टेशन टेकाडावर आहे. बाहेर आलीस की १०४ पायऱ्यांचा रुंद जिना शहरात उतरतो आणि पलीकडच्या टेकडीवर, नोत्र-दाम द ला गार्द चर्चच्या माथ्यावर, सोनेरी मूर्ती दिसते. लोक तिला ‘बॉन मेर’ म्हणतात, भली आई. तिथे थांब, बघ, पण सॅक पोटाशी घे. पाकीटमार असतात, आणि फोनच्या नकाशात मान घातलेला एकटा माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. रस्ता आत स्टेशनातच पाहून घे आणि मग बाहेर पड. दिवसाउजेडी पोचणारीच गाडी निवड, त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी चालतील. स्टेशनात सामान ठेवायची सोय आहे, मात्र ती रात्रभर उघडी नसते, वेळ विचारून ठेव.

आणि फ्रेंचच्या वर्गात सारखं सांगायचे ते इथे पाळ: आधी ‘बोंजूर’, मग प्रश्न. बसचा ड्रायव्हर असो, पाववाली असो, रस्त्यावरचा आजोबा असो. बोंजूर न म्हणता थेट विचारलं तर ते उद्धटपणाचं वाटतं आणि उत्तर तुटक मिळतं. पुष्कळ जण मग फ्रेंच लोक तुसडे म्हणत परत येतात. तू हा एक शब्द नीट म्हण, तुझं मोडकं फ्रेंच ते सांभाळून घेतील.

आता यादी. कालांक खोड. चुनखडीच्या कड्यांमधल्या त्या निळ्या खाड्या फार सुंदर आहेत, २०१२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, पण त्यांना अख्खा दिवस लागतो. ऐन उन्हाळ्यात त्यांतल्या स्यूजितों खाडीला आधी नोंदणी करावी लागते, वणव्याचा धोका असेल त्या दिवशी वाटा बंद करतात, आणि एकदा खाली उतरलीस की प्यायचं पाणी कुठे मिळत नाही. अर्ध्या बाटलीवर ती चढण एकटीने परत चढणं मला मान्य नाही. शातो दीफ या किल्ल्याच्या बेटाची बोटही वाऱ्यावर अवलंबून असते. रोन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल हा जोरदार गार वारा सुटला की बोट बेटाला लागत नाही. बुइयाबेस, म्हणजे इथलं माशांचं कालवण, तेही खोड. चांगली बुइयाबेस महाग असते आणि पुष्कळदा दोघांच्या खालची ऑर्डर घेत नाहीत.

सकाळी जुन्या बंदरावर जा. शहराचा जन्मच इथला, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला ग्रीक खलाशी इथे येऊन वसले. बंदराच्या टोकाला कोळी आजही सकाळी मासे विकतात, तिथेच २०१३ मध्ये उभारलेलं आरशासारखं स्टीलचं छत आहे. मान वर केलीस की स्वतःला उलटी दिसशील. मग ६० नंबरच्या बसने बॉन मेरपाशी जा. चर्चच्या छतापासून दोऱ्यांना लहान लहान जहाजं टांगलेली आहेत, भिंतींवर ‘मेर्सी’, म्हणजे आभार, असं कोरलेल्या संगमरवरी पाट्या. समुद्रातून जिवंत परतलेल्यांनी फेडलेले नवस आहेत ते. नवस म्हणजे काय हे तुला समजावून सांगावं लागणार नाही, तू तिथे इतरांपेक्षा जास्त वेळ थांबशील असं मला वाटतं.

शहरातलं एवढं बस. उरलेला वेळ पाण्याला दे.

एकट्या माणसाला समुद्रावर पडणारा खरा प्रश्न हा की पाण्यात उतरल्यावर पिशवीकडे कोण बघणार. बंदरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर कातालान नावाची छोटी पुळण आहे. त्या सकाळी मी तिथे अर्धा तास नुसती बसून होते, पाण्यात जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. शेजारी एक म्हातारी बाई घडीची खुर्ची टाकून बसली होती. शेवटी बोंजूर म्हणून विचारलं. तिने काही न बोलता माझी पिशवी ओढून आपल्या खुर्चीच्या पायाला अडकवली आणि हाताने ‘जा’ म्हणाली. मी परत आले तेव्हा तिने एक पीच चिरून अर्धं माझ्यासाठी ठेवलं होतं. बोटांना खारं पाणी, त्यावर पीचचा रस. मग तासभर ती तिच्या गुडघ्यांबद्दल बोलली आणि मला निम्मंच कळलं.

म्हणून सांगते, विचार. मात्र पासपोर्ट, कार्ड, फोन मुक्कामी कुलपात ठेवून जा. पिशवीत कपडे, पाणी आणि थोडी रोकड, हरवलं तरी रडू येणार नाही इतकंच. आणि मिस्त्राल वाहून गेलेला असेल तर सावकाश उतर. तो वरचं तापलेलं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं, भर जुलैतही अंगावर काटा येतो.

दुपारी ला माजोर या पट्ट्यापट्ट्यांच्या कॅथेड्रलच्या अंगणात उभी राहा आणि उत्तरेकडे बघ. शाळेत ‘मार्सेलिस’ म्हणून वाचलेलं बंदर ते हेच शहर. आपली माणसं जुन्या बंदरावर उभी राहून सावरकरांनी उडी मारली ती जागा शोधतात, पण मोठ्या आगबोटी तिथे येत नसत, त्या उत्तरेला, ला जोलिएतच्या बाजूच्या गोद्यांमध्ये लागत. ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून ते समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना परत बोटीवर दिलं. परक्या भूमीवर पोचलेल्या कैद्याला असं परत देता येतं का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पुढे सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस महायुद्धासाठी आलेले हिंदी सैनिकही याच शहरात उतरले. त्यांच्यात आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांच्या, तुकड्या होत्या. महिन्याभरात ते उत्तरेला न्यव्ह-शापेलच्या चिखलात लढत होते. आज उत्तरेकडच्या त्या बंदरातून कोर्सिका आणि अल्जीरियाच्या बोटी सुटतात.

ला जोलिएतहूनच ३५ नंबरची बस लेस्ताकला, शहराच्या उत्तर टोकाच्या समुद्रकाठच्या वस्तीला, जाते. संध्याकाळ तिथे घालव. एकट्या प्रवाशाला सगळ्यात जड जाते ती संध्याकाळ, साधारण सात वाजता, जेव्हा सगळी टेबलं दोघांची आणि चौघांची होतात. माझी अजूनही जाते. त्या वेळी हॉटेलात शिरू नकोस. लेस्ताकच्या धक्क्यावर टपऱ्या आहेत, तिथे पानिस घे. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून गार करायचं, चकत्या कापून तेलात तळायच्या. आपली पाटवडीच, फोडणीशिवायची. कागदाच्या पुडीत गरम गरम देतात, वरून मीठ-मिरपूड. बाहेरून कुरकुरीत, आत गरम पिठल्यासारखी मऊ. धक्क्यावर बसून खा, सगळे तिथे उभ्यानेच किंवा कठड्यावर बसून खात असतात, एकटं कुणी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथूनच आईला फोन कर. परतीच्या बसची वेळ मात्र उतरतानाच बघून ठेव.

सामानाच्या यादीत तू मोठा टॉवेल लिहिला आहेस. तो काढ, ओला झाला की सॅकमध्ये कुबट होतो. घरातला पातळ पंचा घे, पुळणीवर अंथरता येतो, उन्हात डोक्यावर घेता येतो आणि खिडकीत टाकला की गाडी सुटायच्या आत वाळतो.

तुझी,
ताई