वाचकांचे प्रश्न : अळंबी शिजवल्यावर तिचा गुण टिकतो का?

प्रश्न : आमच्याकडे राजापूरला पावसाळ्यात वारुळांवर अळंबी येते. तिच्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची हानी रोखणारे घटक, असतात असे ऐकले आहे. आम्ही ती उकडून, पिळून मग भाजीत घालतो. त्यात काही वाया जाते का?

उत्तर : होय, पिळलेल्या पाण्याबरोबर बरेच काही जाते. खाद्य अळंबीतील सर्वांत लक्षणीय अँटिऑक्सिडंट म्हणजे एर्गोथिओनीन हे अमिनो आम्ल; ते १९०९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल तान्रे यांनी अर्गट या धान्याच्या कणसांवर वाढणाऱ्या बुरशीतून वेगळे केले. आपले शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, तरीही ते पेशींत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन आपल्याकडे आहे, ही बाब मला फार विलक्षण वाटते. बाजारातल्या पांढऱ्या बटण अळंबीपेक्षा धिंगरीत (ऑयस्टर अळंबीत) ते सहसा अधिक आढळते. ते उष्णतेने सहजी नष्ट होत नाही, मात्र पाण्यात विरघळते. म्हणून अळंबी माती काढून पटकन धुवावी, कांदा आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात तिला सुटलेल्या पाण्यातच शिजवावी आणि तो रस्सा भातावर घ्यावा. अळंबीत अँटिऑक्सिडंट गुणाची फिनॉल वर्गातील संयुगेही असतात. परंतु परीक्षानळीत दिसलेला गुण म्हणजे रोगावरचा इलाज नव्हे, तेव्हा चालू औषधे बंद करू नयेत.

रानातली अळंबी जाणत्या माणसाने ओळखल्याखेरीज मुळीच खाऊ नये, कारण काही जातींतील अ‍ॅमाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणे अनेकदा सहा तासांनंतर दिसू लागतात.