साखळीतला हात

प्रिय लेफ्ट कॉर्नर,

नाव लिहीत नाही. कागद आहे, कुठंही पडू शकतो.

मंगळवारी रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. मी चष्मा शोधेपर्यंत तू तो पुसूनही टाकला होतास, पण स्क्रीनवर वरच्या वर जेवढा दिसला तेवढा मी बिनचष्म्याचा वाचला. 'सर, मला मुली आवडत नाहीत. टीमला कळलं तर मी खेळणं सोडीन.' बुधवारी कबड्डीच्या प्रॅक्टिसला आलास तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस आणि मीही बघितलं नाही. तुझं ठीक होतं, माझं चुकलं. म्हणून हे पत्र लिहून राहिलोय. व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दाम लिहिलं नाही, आपल्या पोट्ट्यांचे मोबाईल प्रसादासारखे हातोहात फिरतात. वाचून झालं की फाडून टाक. फक्त फुटाळा तलावात टाकू नको बाप्पा, तिथं आधीच काय कमी कचरा आहे.

मला आधीच कळलं होतं वगैरे म्हणणार नाही. नव्हतं कळलं. पण मेसेज वाचल्यावर डोळ्यांसमोरच्या कितीतरी गोष्टी जागेवर बसल्या. उमरेडच्या स्पर्धेच्या मुक्कामात हॉलमध्ये सगळ्यांच्या सतरंज्या एका रांगेत, तुझी तेवढी दाराशी. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी आंघोळ. कोणी पोरींवरून जोक मारला की सगळे एकदम हसतात आणि तू अर्ध्या श्वासानं उशिरा हसतोस. मी याला शिस्त समजत होतो. कौतुकही केलं होतं, सगळ्यांसमोर.

आणि ती सेमीफायनल. शेवटची दोन मिनिटं, आपण एका गुणानं पुढे. त्यांचा तो उंच रेडर तुझ्या बाजूला आला. तू आणि तुझ्या शेजारचा लेफ्ट इन हात धरून साखळीत, अगदी पाठ केल्यासारखे. तो बोनससाठी, म्हणजे जादा गुणाच्या रेषेपलीकडे, पाय टाकणार हे मला बाहेरून दिसत होतं, तुलाही दिसलं असणार, कारण तू खाली वाकायला लागला होतास. तेवढ्यात त्यांच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, 'अबे, एवढा घट्ट हात धरला तर लगीनच लावून घ्या न बे!' मैदान हसलं. आपला बाक हसला. तू हात सोडलास. साखळी तुटली, घोटा तुझ्या बोटांतून निसटला, बोनस त्यांना गेला आणि वर तू टच होऊन बाद झालास. मॅचनंतर मी तुला 'टायमिंग' या विषयावर वीस मिनिटं झाडलं. टायमिंगचं काही नव्हतं रे. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याला मीसुद्धा हसलो होतो.

या खेळात आपण दिवसभर एकमेकांच्या अंगाखांद्यावर असतो. कंबर धरतो, मांडी धरतो, पकड यशस्वी झाली की सात जण एकमेकांवर कोसळतो. ते कोणाला खटकत नाही, कारण वरून शिव्यांचा पहारा असतो. 'बायल्या', 'छक्का', 'बांगड्या भर' असं दर पाच मिनिटांनी ओरडलं की आपण मर्द आहोत याची पावती फाटते आणि मग हात धरायला मोकळीक मिळते. चाळीस वर्षं मैदानावर घालवल्यावर माझं हे मत झालंय. पोट्टे या शिव्या आमच्याकडून शिकतात. मी माझ्या कोचकडून शिकलो, त्यांनी त्यांच्या.

एक सांगतो, आजवर कोणाला सांगितलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मंडळाला शिकवायचो. तिथं एक रेडर होता, सडपातळ, पळता हात असा की समोरच्याला टच झालाय हे पंचांनी हात वर केल्यावर कळायचं. चालण्या-बोलण्यात मऊ होता. एकदा लोण चढला, म्हणजे आमचे सगळे बाद झाले, म्हणून मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, 'उद्यापासून चड्डी नको, साडी नेसून ये.' पोरांना नाव सापडलं. महिनाभर ते त्याला त्या नावानं हाका मारत होते आणि मी थांबवलं नाही. मला वाटायचं, चिडेल तर त्वेषानं खेळेल. महिन्यानं तो यायचा बंद झाला. दोन वर्षांपूर्वी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर दिसला, सोबत एक माणूस होता. ओळख दिली, पाया पडायला वाकला. मी विचारलं, कबड्डी बघतोस का? म्हणाला, 'नाही सर, घरात लागली तर मी बाहेर जातो.' एवढंच. मेट्रो आली आणि गेला. तो तुझ्यासारखा होता की नव्हता, मी विचारलं नाही. त्यानं फरकही पडत नाही.

म्हणून आता जे लिहितोय ते मला अधिकार आहे म्हणून नाही, माझ्यावर उधारी आहे म्हणून.

तू कोणाला काही सांगायला बांधील नाहीस. टीमला नाही, मंडळाला नाही, मलाही नाही. आजकाल मोबाईलवर बघून पोरांना वाटतं की जाहीर केलं तर शूर आणि गप्प बसलं तर भित्रा. असं काही नसतं. जस्टिन फॅशानू नावाचा इंग्लंडचा फुटबॉलपटू होता. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला दहा लाख पौंडांना घेतलं. एवढी किंमत आलेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू. १९९० मध्ये त्यानं पेपरातून जाहीर केलं. सख्खा भाऊही फुटबॉलपटू, त्यानं जाहीरपणे झिडकारलं. मॅनेजर, प्रेक्षक, कोणी सांभाळलं नाही. १९९८ मध्ये, ३७ व्या वर्षी तो गेला आणि ते जाणं सुखाचं नव्हतं. त्याच्यात हिंमत कमी नव्हती, भोवती धरायला हात नव्हते. त्यानंतर इंग्लंडच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना हे सांगणारा दुसरा पोरगा यायला २०२२ उजाडलं. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय १७. त्याची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यानं आधी आईला आणि बहिणीला सांगितलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशीच्या मॅचमध्ये चार गोल मारले. मी कोच आहे, मला त्यातले चार गोल आधी दिसतात. डोक्यावरचं ओझं उतरलं की पाय किती हलके होतात, बघ.

त्याहून आपल्या जवळचं उदाहरण वेल्सच्या गॅरेथ थॉमसचं. रग्बी म्हणजे आपल्या कबड्डीचाच आडदांड भाऊ, आणि हा वेल्ससाठी १०० कसोटी खेळलेला गडी. २००६ मध्ये एका मॅचनंतर ड्रेसिंग रूममध्ये तो कोसळला आणि त्यानं कोचला सांगितलं. कोचनं त्याच्याशी बोलून संघातल्या फक्त दोघांना विश्वासात घेतलं. ते दोघं येऊन म्हणाले, आधी का नाही सांगितलंस? जगाला त्यानं सांगितलं डिसेंबर २००९ मध्ये, तीन वर्षांनी, तेव्हाही खेळतच होता. क्रम लक्षात घे: एक, मग दोन, मग तीन वर्षांनी जग. क्रिकेटमध्ये इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस, तोही तसाच. आधी कोच आणि संघ, मग फेब्रुवारी २०११ मध्ये पेपर. नंतर कितीतरी वर्षं कौंटी खेळत राहिला.

चढाईला गेलेला गडीसुद्धा तीस सेकंदांत आपल्या बाजूला परत येतो आणि श्वास घेतो. तू किती वर्षं दम धरून समोरच्या बाजूला उभा आहेस? परत येऊन श्वास घ्यायला एक माणूस पुरतो. तो मी असेन तर मला आवडेल, पण तूच निवड. लेफ्ट इनबद्दल मी माझं मत देऊन ठेवतो: उमरेडला तू हात सोडलास तेव्हा तो हसत नव्हता. तुझ्याकडे बघत होता. मी व्हिडिओ तीनदा बघितलाय.

तू म्हणशील, सर, हे सगळे गोरे. बरोबर. भारतीय संघाकडून खेळणाऱ्या एकाही पुरुष क्रिकेटपटूनं किंवा कबड्डीपटूनं खेळता खेळता हे सांगितलेलं नाही. २०१९ मध्ये धावपटू द्युती चंदनं सांगितलं, ओडिशातल्या विणकराची पोरगी, एशियन गेम्सची दोन रौप्यपदकं घेतलेली, आणि घरच्यांचाच विरोध सोसला तिनं. तिच्या हिमतीला तोड नाही. पण ती तिच्या लेनमध्ये एकटी धावते. तुला सहा जणांसोबत उभं राहायचंय, त्यातल्या एकाचा हात धरून. पुरुषांच्या टीममध्ये अडतं ते इथंच. आपलेच काही जुने लोक म्हणतात की अशानं ड्रेसिंग रूम बिघडते. त्यांना सांगावंसं वाटतं की न्यूझीलंडच्या महिला क्रिकेट संघात एमी सॅटर्थवेट आणि ली ताहुहू या दोघींनी २०१७ मध्ये लग्न केलं आणि दोघी एकाच संघातून खेळत राहिल्या. दक्षिण आफ्रिकेच्या डेन व्हॅन निकर्क आणि मारिझान काप यांनी २०१८ मध्ये केलं, त्यातली डेन तर कप्तान होती. कोणाची ड्रेसिंग रूम कोसळली नाही.

आता व्यवहाराचं, भराभर. ६ सप्टेंबर २०१८ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालानं दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्हा नाहीत. तू वीस वर्षांचा आहेस, तुझ्या डोक्यावर कुठलंही कलम लटकत नाही. मोबाईलवरच्या ॲपवरून कोणाला भेटायचं झालं तर पहिल्यांदा गर्दीच्या ठिकाणी भेट, कुठं चाललास ते एकाला तरी सांगून जा. ओळख वाढवून, फोटो काढून पैसे मागणाऱ्या टोळ्या असतात. असं कोणी धमकावलं तर एक रुपया देऊ नको. ती खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ त्यांच्यावर लागतं, तुझ्यावर नाही. रात्री दोनलाही मला फोन कर, ठाण्यात मी सोबत येतो. घरी कळलं आणि कोणी 'इलाज' करायला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, तर ऐकून ठेव: असा इलाज करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. बाबा-बुवाचं तर बोलायलाच नको. मन फारच दाटून आलं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आणि आपल्या नागपुरातच सारथी ट्रस्ट आहे, तुझ्यासारख्या पोरांसोबत काम करणारी. जायचं असेल तर गाडीवर सोडून देईन, बाहेर चहा पीत थांबेन.

नोकरीचं तुझ्या डोक्यात असणार, मला माहीत आहे. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी तुला राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र पाहिजे. त्या कागदावर तू कोणावर प्रेम करतोस याचा रकाना नाही. पण निवड करायला बसणारी माणसं आमच्याच वयाची, आमच्याच तोंडची भाषा बोलणारी आहेत, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. म्हणून घाई करू नको. प्रमाणपत्र हातात पडू दे, भरती होऊ दे. नंतरही गप्प राहावंसं वाटलं तर राहा.

शिव्यांचं मात्र तुझ्यावर सोडलेलं नाही, ते माझं काम आहे. शुक्रवारी तू आला नव्हतास तेव्हा मी पोट्ट्यांना बसवून इंग्लंडच्या ज्यो रूटची क्लिप दाखवली. फेब्रुवारी २०१९, सेंट लुशियाची टेस्ट. वेस्ट इंडीजचा बोलर शॅनन गॅब्रिएल काहीतरी बोलला, ते माईकवर आलं नाही. रूटचं उत्तर तेवढं आलं: हे शिवी म्हणून वापरू नकोस, गे असण्यात काही वाईट नाही. पुढे गॅब्रिएलला चार वनडेंची बंदी झाली आणि त्यानं माफीही मागितली. मला त्यात आवडलं ते हे की रूट चिडला नाही, आवाज चढवला नाही. कप्तान होता, एक वाक्य बोलला आणि पुन्हा बॅटिंगला लागला. त्या डावात शंभर केले त्यानं. तर आपला नवा नियम असा: 'बायल्या', 'छक्का', 'बांगड्या', यातलं काही तोंडातून निघालं की पन्नास बैठका. कारण कोणाचं नाव घेऊन सांगितलेलं नाही, 'तोंड सांभाळणं पण ट्रेनिंगच आहे' एवढंच म्हटलं. एकानं विचारलं, 'काऊन सर, आता शिव्या पण नाही द्यायच्या का?' मी म्हटलं, भैताड म्हण, ती आपल्या गावची आहे, कोणाला लागत नाही.

शनिवारी राईट कव्हरनं हातातली पकड सोडली आणि माझ्याच तोंडून 'अबे बायल्या' निघालं. चाळीस वर्षांची सवय. सगळे गप्प. मग आपला सगळ्यात लहान पोट्टा हळूच म्हणाला, 'सर, पन्नास.' डाव्या गुडघ्याची तुला कल्पना आहे. एकतीसपर्यंत गेलो, उरलेल्या एकोणीस उद्यावर टाकल्यात. त्या मोजायला तू हजर पाहिजेस.

सोमवारी साडेपाचला मॅट लावायची पाळी तुझी आणि लेफ्ट इनची आहे. मागच्या वेळी कोपऱ्यातले दोन तुकडे उलटे जोडले होते तुम्ही, फट राहिली होती. यावेळी नीट बघून लावा.

तुझा,
सर