पंचक्रोशी, कोल्हा आणि यूझनेट

प्रश्न असा आलाय: यूझनेटच्या, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर विषयवार गटांत चालणाऱ्या जुन्या चर्चाव्यवस्थेच्या, इतिहासावरचा लेख मराठीत आणतोय. त्यात काही संदेशांच्या डोक्यावर 'डिस्ट्रिब्यूशन' नावाची एक ओळ असते. तिला 'वितरण' म्हणावं की 'प्रसारण'?

वितरण तर मुळीच नको. बक्षिसांचं वितरण, विजेचं वितरण, खिचडीचं वितरण. सरकारी फलकांनी हा शब्द इतका वाटून टाकलाय की त्यात आता काही उरलेलं नाही. त्यातला धातू 'तॄ' म्हणजे पार जाणे. तरणे, तीर्थ वगैरे त्यातलेच. आणि ही ओळ नेमकं उलट सांगते: पार जाऊ नकोस, इथेच थांब. न्यू जर्सीतल्या माणसाला गाडी विकायची आहे. गटांच्या ओळीत तो 'रेक.ऑटो, मिस्क.फॉरसेल' लिहितो, म्हणजे विषय कळला. डिस्ट्रिब्यूशनच्या ओळीत लिहितो 'एनजे, एनवाय', म्हणजे जर्सी आणि न्यूयॉर्कबाहेर बोंब नको. हे उदाहरण यूझनेट-संदेशांचा साचा ठरवणाऱ्या १९८७ सालच्या दस्तऐवजातलंच, आरएफसी १०३६ मधलंच आहे. ही ओळ पोच कमी करण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही, असंही तिथे बजावलंय. हे कुंपण झालं, वाटप कुठून आलं?

आपल्याकडे यासाठी तयार शब्द पडून आहे: पंचक्रोशी. तोही लग्नपत्रिकांवर आणि फ्लेक्सवर 'पंचक्रोषी' असा पोटफोड्या ष लावून छापतात, आणि विचारलं तर 'पाच गावं हो' म्हणून सांगतात. पाच गावं नव्हेत, पाच कोस! आणि कोस म्हणजे क्रोश, क्रोश म्हणजे ओरडणे. आक्रोशातला तोच. एका माणसाची हाक जिथवर ऐकू जाते तो एक क्रोश. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो ना, तेच, फक्त मोजमापाला बसवलेलं. काही विद्वान यावर नाक मुरडतात. कोस म्हणजे तीनेक किलोमीटर, एवढ्या लांब कुणाची हाक जाते, म्हणे. या मंडळींनी आयुष्यात मोटारींच्या हॉर्नशिवाय काही ऐकलेलं नसावं. सह्याद्रीत समोरच्या पठारावरच्या धनगराला घातलेली कुकारी एकदा ऐकून यावी, मग किलोमीटरचा वाद घालावा.

आता तो ष. तो येतो, पण कोल्ह्यात येतो. संस्कृतात कोल्ह्याला 'क्रोष्टु' म्हणतात, म्हणजे ओरडणारा, धातू तोच क्रुश्. आपला 'कोल्हा' त्याचाच वंशज, हे माझं लाडकं मत. त्याला देशी, म्हणजे संस्कृताशी नातं नसलेला, ठरवून हात झटकणाऱ्यांनी प्राकृतातला 'कोल्हुअ' नजरेखालून घालावा. आणि यूझनेट चालतं कसं? अगदी कोल्हेकुईसारखं. एक कोल्हा ओढ्याकाठी सुरू करतो, पलीकडच्या शेतातला उचलतो, त्याच्यावरून टेकडीमागचा. मधोमध कुणी मुख्य कोल्हा नसतो. १९७९ साली ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी ही कल्पना काढली तेव्हाही तसंच होतं: एक संगणक दुसऱ्याला फोन लावणार, नवे संदेश देणार, त्याने पुढच्याला द्यायचे. तीच कुई पुन्हा आपल्याकडे येऊ नये म्हणून प्रत्येक संदेशाला स्वतःची एक वेगळी खूण. त्या खुणेचा संदेश आधी येऊन गेला असेल तर नको म्हणायचं. शिवाय 'पाथ'च्या ओळीत वाटेतल्या प्रत्येक यंत्राचं नाव, आणि दोन नावांच्या मध्ये काय? उद्गारचिन्ह! क्रोशच की तो.

तर मग कुंपण कोण राखतं? शेजारी. 'एनजे'चा संदेश कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे प्रत्येक यंत्राचा चालक आपल्या एकेका शेजाऱ्यापुरतं लिहून ठेवतो. इथेच गोची होते. जर्सीतल्या एखाद्या यंत्राला संदेश पेनसिल्व्हेनियामार्गे मिळत असतील आणि मधल्याने 'एनजे' आपलं नाही म्हणून गाळलं, तर घरचीच हाक घरी पोचत नाही. ते टाळायला मधल्याने सगळंच घ्यायचं ठरवलं, तर कुंपणाला भगदाड. इंटरनेट आल्यावर शेजारी समुद्रापलीकडचाही असू लागला. मग सॅन फ्रान्सिस्कोतलं जुनं टेबल युरोपात विकायला निघालं तर नवल काय? क्रोश जमिनीवर मोजायचा असतो, तारेवर नाही. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा मराठी माणसांचा गटही असाच होता. त्याची माणसं अमेरिकेत चहूकडे पांगलेली, त्याला 'एनजे'चं कुंपण घालून काय उपयोग होता!

अरे हो, तुमचा प्रश्न राहिलाच. प्रसारणही नको, त्यात आकाशवाणीचा वास येतो आणि एकाच मनोऱ्यावरून सगळ्यांना असं वाटतं. आणि 'जगभर'ची पंचक्रोशी होत नाही, म्हणून त्या ओळीला 'पल्ला' म्हणा. 'पल्ला: एनजे'. 'लोकल' असेल तिथे 'घरापुरता', 'वर्ल्ड' असेल तिथे 'जगभर'. लेखाच्या मजकुरात एकदा तरी 'पंचक्रोशी' वापरा, आणि मुद्रितं तपासणाऱ्याला सांगा, श शहामृगाचा.