कौंटी ट्रेझररचे वेगळे बिल

प्रश्न : मुलाने सप्टेंबरात कॅलिफोर्नियात घर घेतले. घरपट्टी बँक हप्त्यातूनच कापते, तरी कौंटी ट्रेझररचे साडेचार हजार डॉलरचे वेगळे बिल आले. हा आपल्या जिल्हा कोषागार अधिकाऱ्यासारखाच ना? कर कमी करायला त्याच्याकडे अर्ज करावा का?

उत्तर : तिथे अर्ज करून उपयोग नाही. घराची किंमत असेसर ठरवतो, कराचा हिशेब ऑडिटर करतो; ट्रेझरर-टॅक्स कलेक्टर बिल पाठवून वसुली करतो. किंमत जास्त लावली असे वाटत असेल, तर ६० दिवसांत अपील मंडळाकडे जावे. अपील चालू असले तरी बिल भरावेच लागते.

हे ‘सप्लिमेंटल’ म्हणजे पूरक बिल आहे : घर विकले गेले की किंमत नव्याने लावतात आणि फरकावरचा कर वेगळा मागतात. समजा, जुन्या मालकाच्या नावावर किंमत ४ लाख डॉलर होती आणि मुलाने घर १० लाखांना घेतले. फरक ६ लाखांचा, १ टक्क्याने वर्षाचे ६,००० डॉलर. आर्थिक वर्ष ३० जूनला संपते; ऑक्टोबरपासून उरले नऊ महिने, म्हणून ४,५००. हे बिल बँकेकडे जात नाही, थेट मालकाकडे येते. नवे घरमालक नेमके इथेच फसतात : बँक भरेल म्हणून कागद बाजूला ठेवतात आणि १० टक्के दंड बसतो. ‘बिल मिळालेच नाही’ ही सबब चालत नाही. नेहमीच्या बिलाची मुदत १० डिसेंबर आणि १० एप्रिल. चेक टपालाने पाठवल्यास टपाल खात्याच्या शिक्क्याची तारीख धरतात, ऑफिसातल्या फ्रँकिंग मशीनची नाही.

आपला कोषागार अधिकारी राज्य सरकारचा नोकर. देयके, निवृत्तिवेतन, मुद्रांक सांभाळतो, घरपट्टीशी त्याचा संबंध नाही. तिकडचा ट्रेझरर बहुतेक कौंट्यांत निवडून येतो, आणि कौंटीचा, शाळांचा शिल्लक पैसा गुंतवण्याचे कामही त्याचेच. खरी जोखीम तिथे आहे. कायद्याने क्रम घातला आहे : आधी सुरक्षितता, मग हवा तेव्हा हाती येणारा पैसा, शेवटी व्याज. कॅलिफोर्नियातल्याच ऑरेंज कौंटीचे तेव्हाचे ट्रेझरर रॉबर्ट सिट्रॉन यांनी तो उलटा केला. साडेसात अब्ज डॉलरच्या ठेवींवर कर्ज काढून गुंतवणूक २० अब्जांवर नेली. १९९४मध्ये व्याजदर चढले, तसे घेतलेल्या रोख्यांचे भाव पडले, दीड अब्जाहून अधिक बुडाले आणि ६ डिसेंबरला कौंटीने दिवाळखोरी जाहीर केली. काही शाळा-मंडळांनी तर कर्ज काढून त्या गुंतवणुकीत पैसे घातले होते.