काम करणारी माणसं रंगवताना आधी हात बघ

सुरुवात चेहऱ्यापासून करू नकोस. कामात गढलेल्या माणसाची मान खाली असते, सगळं घडतं ते मनगटात. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र निवांत बघ. १६६०च्या सुमाराचं, जेमतेम ४५ बाय ४१ सेंटिमीटरचं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तिचा उजवा हात भांड्याच्या कानाला आणि डावा खालून आधाराला. बाह्या वर सारलेल्या. कामाने रापलेले हात आणि एरवी झाकलेली, उजळ त्वचा यांतला फरकही त्याने टिपलाय. दुधाची धार बारीक आहे, म्हणून तर तिची सगळी एकाग्रता आपल्याला कळते.

आता मागची भिंत. मोकळी वाटते, पण त्यात खिळा आहे, खिळ्याची सावली आहे, जुनी भोकं आहेत. तिथे आधी भांडी अडकवायची फळी होती. ती त्याने रंगाखाली झाकली, हे पुढे तपासणीत दिसलं. मला हा निर्णय चित्रातला सगळ्यात धाडसी वाटतो. सामान वाढवून वातावरण येत नाही रे, उलट माणूस हरवतो.

रंगांचं नंतर बघू, आत्ता पेन्सिलच पुरे. कुणाला पोझ द्यायला सांगू नकोस, अंग लगेच ताठरतं. कामातली हालचाल पुन्हापुन्हा तीच येते. अर्धवट राहिलेली रेघ तशीच ठेव, हात परत त्या जागी आला की पूर्ण कर.