बयाणा दिला आणि प्लॉट पूररेषेत निघाला

प्रश्न : कामठीकडे कन्हान नदीकाठच्या ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायचा ठरवला. नोंदणीकृत करारनामा केला, सहा लाख बयाणा दिला. रजिस्ट्रीची मुदत दीड महिन्यात संपते. आता आर्किटेक्ट सांगतात, प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे. ले-आउटवाले म्हणतात, "आरएल लेटर आहे, माती टाकून उंच करून देऊ." रजिस्ट्री करू, की बयाणा सोडून देऊ?

उत्तर : ताई, दोन्ही करू नका.

आरएल म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. त्याने पूररेषा हटत नाही. 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराचं पाणी पोचतं तिथवर निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत घराचा नकाशा मंजूरच होत नाही. भराव टाकला तर तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. 2020 च्या ऑगस्टअखेर पेंचचं पाणी सोडल्यावर कन्हानकाठच्या गावांचं काय झालं, ते तिथल्या जुन्या लोकांना जाऊन विचारा.

आर्किटेक्टचं तोंडी सांगणं मात्र कोर्टात चालणार नाही. मौजा आणि खसरा क्रमांक लिहून नगररचना विभागाकडून झोन दाखला, भाग नकाशा घ्या. जलसंपदा विभागाकडे पूररेषेच्या नकाशासाठी माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाका, कारण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते.

खरा धोका पुढे आहे. रजिस्ट्रीची मुदत गेली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर करार तुम्हीच मोडला असं म्हणून ते बयाणा जप्त करतील. माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक तारीख उलटल्यावर, आणि तेव्हा फार जीव तुटतो. म्हणून मुदतीआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा : उरलेली रक्कम तयार आहे, प्लॉट निळ्या रेषेबाहेर असल्याचा लेखी दाखला द्या, नाहीतर बयाणा व्याजासह परत करा. रक्कम तयार असल्याचं बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा माहीत असलेला दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. ते म्हणतील, नकाशा सरकारी आहे, तुम्हीच बघायचा होता. हा मुद्दा कच्चा नाही. म्हणूनच 'घर बांधण्यास योग्य' असं छापलेलं माहितीपत्रक आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. जाहिरातीतल्या खोट्या माहितीसाठी रेरा कायद्याचं कलम 12 आहे. रास्त कारणाने खरेदी नाकारली, तर कलम 55 प्रमाणेच बयाण्याचा बोजा त्या जमिनीवर राहतो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आठवड्याने एक अशील विक्रीपत्र घेऊन आले. गाळाने चिकटलेली पानं त्यांच्या सुनेने इस्त्री फिरवून सुटी केली होती. घर उभं आहे, पण पावसाळ्यात खाली कोणी झोपत नाही.

प्लॉट निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निघाला, तर लाल रेषेच्या पातळीहून किमान 45 सेंटिमीटर उंच जोतं घेऊन बांधता येतं. तेव्हा त्या खर्चासकट भाव पुन्हा बोला, आणि ठरेल ते लेखी घ्या.