चकचकीत सॉफ्टवेअर हाताशी असताना काही लोक ग्रेप, सेड, इमॅक्ससारखी जुनी साधनं का वापरतात?

प्रश्नाखाली तुम्ही असंही विचारलंय की प्रोग्रामर नसलेल्या आणि मराठीत काम करणाऱ्या माणसाला या साधनांचा खरोखर उपयोग होतो का, की ही नुसती हौस आहे. मी प्रोग्रामर नाही. मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासणं, जुना मजकूर युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकात) आणणं, पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची करणं हे माझं काम. यातलं जवळपास सगळं मी साध्या मजकुराच्या फायलींवर, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) आणि इमॅक्स (मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम) वापरून करते. टर्मिनलमध्ये ग्रेप मजकुरात शोधतो आणि सेड त्यात ठरवलेले बदल करतो. त्यामुळे उत्तरही मराठी मजकुराच्या अंगानेच देते. या साधनांची ताकद मला तिथेच कळली.

‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्ताचं चिन्ह, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्ताचं चिन्ह, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह आणि मग य. ‘वाऱ्यावर’ आणि ‘वार्‍यावर’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. लेखकाने काही प्रकरणं फोनवर आणि काही लॅपटॉपवर लिहिली असतील, तर एकाच पुस्तकात दोन्ही तऱ्हा सुखाने नांदतात. मग एका नावाजलेल्या लेखन-प्रणालीत मी ‘वाऱ्यावर’ शोधते, तेव्हा काही सापडतात आणि काही, डोळ्यांसमोर दिसत असूनही, सापडत नाहीत. का सापडत नाहीत हे ती सांगत नाही. ते बघायला तिच्यात जागाच नाही.

ग्रेपसुद्धा आपणहून दोन्ही शोधत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ग्रेपला ‘हे किंवा ते’ असं सांगता येतं. शंका आली तर हेक्सडंप नावाचा छोटा प्रोग्राम शब्दातला एकेक बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीचा छोटा तुकडा, उघडा करून दाखवतो, आणि अदृश्य चिन्ह तिथे स्पष्ट दिसतं. एकदा कारण कळलं की सेडच्या एका ओळीने सगळ्या प्रकरणांतली त्या अदृश्य जोडचिन्हाची तऱ्हा बदलून ऱ ची करता येते. युनिकोड मानकातही मराठीसाठी ऱ चीच तऱ्हा मूळ मानली आहे. दुसरी जुन्या मजकुराशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली आहे. बदल केल्यावर गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मला ओळीवार दाखवतं की कुठे काय बदललं. संपादक म्हणून मला ही खात्री फार मोलाची वाटते. लेखकाच्या मजकुराला मी हात लावलाय, तर नेमका कुठे लावलाय हे मला सांगता आलं पाहिजे.

माझी कसोटी हीच आहे: जे काम साधन बनवणाऱ्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, ते त्या साधनाने मला करता येतं का? चकचकीत सॉफ्टवेअरच्या मेनूत जे आहे ते फार सुबक असतं. मराठीतल्या ऱ्य साठी मेनूत बटण नाही, आणि कधी येईल असं मला वाटत नाही, कारण ज्यांना ते हवं आहे ते मोजके आहेत. साध्या साधनांना मेनूच नाही, म्हणून मोजक्यांचं कामही त्यांच्यात बसतं.

हे आपोआप झालेलं नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग मॅकइलरॉय यांनी १९६४ सालच्या एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीत ही सोय केली, तीच पाइप. एका प्रोग्रामने बाहेर टाकलेला मजकूर पुढच्याच्या आत जातो. प्रत्येक प्रोग्राम एकच काम करतो आणि शेजारी कोण बसलाय याची त्याला पर्वा नसते.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना १९८६ चा. संगणकतज्ज्ञ जॉन बेंटली यांनी मासिकातल्या आपल्या सदरासाठी नामवंत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना एक प्रोग्राम लिहायला सांगितला: मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द संख्येसह काढायचे. कनुथ यांनी अनेक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्राम लिहिला. त्याचं परीक्षण मॅकइलरॉय यांनी केलं आणि तेच काम सहा आज्ञा पाइपने जोडून करून दाखवलं: शब्द वेगळे करा, मोठी अक्षरं लहान करा, क्रम लावा, सारखे एकत्र मोजा, संख्येनुसार पुन्हा क्रम लावा, वरचे तेवढे ठेवा. कनुथ यांचा हेतू प्रोग्राम वाचनीय कसा लिहावा हे दाखवण्याचा होता, म्हणून त्यांचा पराभव झाला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्या सहा आज्ञांमधली पद्धत मी आजही प्रत्येक पुस्तकावर चालवते. मला वरचे शब्द नको असतात, तळातले हवे असतात. एकदाच आलेल्या शब्दांची यादी काढली की टंकदोष तिथे ओळीने बसलेले सापडतात. कादंबरीतल्या एखाद्या पात्राचं नाव चारशे पानांत एकदाच ऱ्हस्व वेलांटीने पडलं असेल, तर ते वाचताना निसटतं, या यादीतून निसटत नाही.

मराठीसाठी यात दोन खड्डे आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शिका ते सहसा सांगत नाहीत. पहिला: शब्द वेगळे करायला ट्रान्सलेट म्हणजे टीआर नावाचा प्रोग्राम वापरतात, पण लिनक्सवर (युनिक्सच्या धर्तीच्या मोफत प्रणालीवर) मिळणारा टीआर एकेक बाइट बघतो आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. म्हणून मी तिथे पर्ल ही मजकूर हाताळायला सोयीची प्रोग्रामिंगची भाषा वापरते. दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. ‘अक्षरांची सलग ओळ म्हणजे शब्द’ असं पर्लला सांगितलं, तर तो ‘मराठी’चे तुकडे करतो, कारण युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, ‘मार्क’ या वेगळ्या वर्गातली चिन्हं आहेत. अक्षरं आणि मार्क दोन्ही मागितले, शिवाय ते अदृश्य जोडचिन्ह धरलं, की शब्द अखंड येतो. ‘मराठी’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडची चिन्हं पाच आहेत, आणि बाइट पंधरा. हे तीन आकडे ज्याच्या मनात पक्के बसले, त्याला देवनागरीतल्या निम्म्या अडचणींचं कारण आपोआप कळतं.

आता जुन्या फॉन्टांबद्दल, कारण साध्या मजकुराचं महत्त्व मला तिथे पटलं. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी (संगणकावरची पानांची जुळणी) ज्या फॉन्टांवर चालायचं, त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट असेपर्यंत पान मराठीत दिसतं. फॉन्ट गेला की त्याच फायलीत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास उरते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये अधिकृत झालेलं होतं, पण छपाईच्या धंद्यात आकारांच्या फॉन्टांचंच चलन राहिलं. दिवाळी अंक, संस्थांची वार्षिकं, कोश, कितीतरी मजकूर असा अडकून पडला आहे. लेखक हयात नाहीत, मुद्रणालय बंद झालं, आणि घरच्यांकडे एका सीडीवर अशा फायली आहेत, असं प्रकरण माझ्याकडे नेहमी येतं.

तो मजकूर सोडवताना नुसती ‘या चिन्हाच्या जागी ते’ अशी कोष्टकं पुरत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर हवी. ‘स्थिती’सारख्या शब्दात तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावं लागतं. रफाराचं उलट. तो अक्षराच्या डोक्यावर म्हणून नंतर टाइप केलेला असतो, युनिकोडमध्ये र् आधी हवा. ‘वर्षानुवर्षे’मध्ये तो मात्रेलाही ओलांडून मागे येतो. शिवाय ‘क’, ‘फ’ अशी अक्षरं काही फॉन्टांत दोन तुकड्यांची असतात, ते तुकडे आधी सांधावे लागतात. तयार रूपांतरकं आहेत आणि नेहमीच्या फॉन्टांवर चांगली चालतात. पण मुद्रणालयाने फॉन्टमध्ये स्वतःचे चार आकार घातले असतील तर तिथे ती थांबतात. माझी पर्लची फाइल थांबत नाही, कारण नवा आकार दिसला की मी कोष्टकात एक ओळ वाढवते आणि सगळं पुन्हा चालवते. असा एखादा लेख जेव्हा वर्षांनंतर वाचता येतो आणि शोधताही येतो, तेव्हा मला या साधनांबद्दल खरीखुरी कृतज्ञता वाटते.

१९७३ च्या सुमाराचा ग्रेप देवनागरी कसा काय शोधतो, हे कुतूहल मला बरेच दिवस होतं. त्याचं श्रेय यूटीएफ-८ ला, म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत साठवण्याच्या रचनेला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता टेबलावरच्या कागदावर ती रचना मांडली. तिच्यात देवनागरीच्या तीन बाइटांपैकी एकही बाइट जुन्या रोमन अक्षरासारखा किंवा ओळ संपल्याच्या खुणेसारखा दिसत नाही. त्यामुळे मराठीचा गंधही नसलेली जुनी साधनं आपला मजकूर मोडतोड न करता पुढे नेतात. शिवाय बाइटांचा क्रम आणि युनिकोडचा क्रम एकच राहतो, याचा मला सूची करताना थेट फायदा होतो.

युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. म्हणून सॉर्ट या क्रम लावणाऱ्या प्रोग्रामने बाइटांप्रमाणे क्रम लावला की ‘कळप’ हा ‘कवच’च्या आधी येतो. मराठी वाचक ळ ची जागा ह नंतर धरतो. मी क्रम लावण्याआधी सेडने सगळ्या ळ च्या जागी अवग्रह (ऽ) घालते, कारण अवग्रह युनिकोडमध्ये ह च्या पुढे पण काना-मात्रांच्या आधी आहे. मग सॉर्ट, आणि शेवटी अवग्रहाचा पुन्हा ळ. संस्कृत अवतरणांतले खरे अवग्रह असतील तर ते आधी बाजूला काढते. तीन आज्ञा, दोन पाइप, आणि सूची मराठी वर्णक्रमाने तयार.

लेखनासाठी मात्र मी काळ्या खिडकीचा आग्रह धरत नाही. बहुतेक टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचं घर देतात आणि त्यात जोडाक्षरं फाटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या व्हिम या लेखनाच्या प्रोग्रामची आज्ञांची भाषा मला अतिशय आवडते, पण तासन्‌तास मराठी वाचायचं तर अक्षर नीट दिसलं पाहिजे. म्हणून मी इमॅक्स त्याच्या स्वतःच्या खिडकीत वापरते. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ हा अक्षरांचे आकार जुळवणारा भाग आहे आणि देवनागरी स्वच्छ जुळते. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी) कीबोर्ड इमॅक्सच्या आतच मिळतो, त्यामुळे मराठी टाइप करत असतानाही आज्ञा नेहमीच्याच कळांनी देता येतात. इमॅक्सला कुणी ‘साधं’ म्हणणार नाही. पण त्यात लिहिलेली फाइल साधी राहते, उद्या इमॅक्स नसलं तरी कशातही उघडते, आणि मला तेवढंच हवं असतं.

लेखकांकडून येणाऱ्या वर्डच्या फायली पॅनडॉक या फायलींचे प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने साध्या मजकुरात आणते, आणि त्यांना बदल बघायचे असतात तेव्हा परत वर्डमध्येच पाठवते. सत्तरीच्या लेखकाला गिट शिकवण्याचं काहीच कारण नाही. पुस्तकाची मांडणी, चित्रं, मुखपृष्ठ यांसाठी मांडणीचं सॉफ्टवेअरच बरं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर व्हिम किंवा इमॅक्सपासून करू नका. स्वतःचा एखादा मोठा मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये साधी फाइल म्हणून साठवा आणि त्यात ग्रेपने ऱ्य च्या दोन्ही तऱ्हा शोधा. मग एकदाच आलेल्या शब्दांची यादी काढा. एवढ्यात ग्रेप, सॉर्ट, युनिक (सारख्या ओळी एकत्र मोजणारा प्रोग्राम) आणि पाइप हाताला लागतात, आणि तुमच्याच लेखनातल्या चुका सापडल्यामुळे उत्साह टिकतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय) बसवलं की ही सगळी साधनं मिळतात. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिनक्स टाका, या कामाला तो भरपूर होतो. मॅकवर साधनं आधीच असतात, पण तिथला सेड बीएसडीचा, म्हणजे युनिक्सच्या दुसऱ्या शाखेतला आहे आणि फायलीत जागच्या जागी बदल करण्याचा पर्याय त्याला वेगळ्या तऱ्हेने द्यावा लागतो, म्हणून लिनक्ससाठी लिहिलेली आज्ञा तिथे जशीच्या तशी चिकटवू नका. आणि सेड चालवण्याआधी मूळ फायलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.